डब्यातली पिवळी माती

आबा, परवा सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि आधी खिडकी लावून घेतली. तुम्ही रस्त्यावरून जाल, तुम्हाला वास येईल, म्हणून. आधण उकळून निम्मं झालं तरी मी खिडकीपाशी कान देऊन उभा. मग डोक्यात उजेड पडला की आता खिडकी सताड उघडी टाकली तरी विचारणारं कुणी नाही. चहा मी मोरीत ओतून दिला आणि शाळेत गेलो.

अजून मला हे खरं वाटत नाही. हे सगळेच म्हणतात, माणूस गेला की म्हणायची ती रीतच आहे. पण मी खरंच सांगतो, माझं डोकं चालेनासं झालं आहे. तुम्ही त्रेपन्न वर्षांचे. तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. चोपड्याच्या बाजाराला चार कोस चालत जाणार, चालत येणार आणि आल्यावर कुणाची तरी उसण भरलेली पाठ रगडायला बसणार. मी तुमच्याहून अकरा वर्षांनी लहान. पित्तानं पिवळा पडलेला, जिना चढताना धापा टाकणारा मास्तर. आपल्या दोघांत आधी कोण जाणार यावर गावात कुणी पैज लावली नसती. आणि मी इथे बसून तुमच्यावर लिहितो आहे.

तेराव्या दिवसापर्यंत तुमच्या दारावर माणसं येत होती. बसत होती, पाणी पीत होती आणि खाली मान घालून एकमेकांना एकच वाक्य सांगत होती, "माटीना वैदले माटीनीच खादं." तुमचे धाकटे भाऊ, ज्यांची मान तुम्ही तीन महिने चोळून सरळ केलीत, ते ओट्यावर उभे राहून म्हणाले, "हाई बठ्ठी माटी उकिरडावर फेका." दोघा शेजाऱ्यांनी मिळून तुमच्या औषधी मातीचे सगळे डबे उचलले. अक्का आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून होत्या. आपला नवरा स्वतःच्या खुळापायी मेला, हे त्या रोज चार तोंडांनी ऐकत होत्या. आणि मी त्या माणसांतच बसलो होतो, आबा. खरं काय ते एकट्या मला माहीत होतं, आणि मी पाणी पीत होतो.

ते खरं तुम्हाला सांगायचं आहे. पण मास्तराचा स्वभाव, मला सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय जमत नाही.

धुळ्याहून माझी बदली या गावी झाली तेव्हा मी बायको-मुलांना तिकडेच ठेवून आलो होतो. हातानं करून खायचं म्हणजे काय, ठेचा, तेल आणि दिवसातून आठ वेळा चहा. दोन महिन्यांत पोटात आग पडली. शिपायानं तुमच्या ओट्यावर आणून बसवलं. मला वाटलं, कुणी दाढीवाला बुवा असेल. तुम्ही केळीच्या बागेतून आलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. पोटावर दोन बोटं दाबलीत आणि म्हणालात, "मास्तर, पोट शे का कोठार शे?" ओट्यावरचे लोक हसले. मला राग आला. मी मनात म्हटलं, हा शेतकरी मला काय बरं करणार!

तुम्ही माझा चहा कायमचा बंद केलात. सकाळी टोपलीएवढ्या घमेल्यात गार पाणी भरून त्यात मला बसवलंत, कटिस्नान म्हणे. शाळेच्या हेडमास्तरानं घमेल्यात बसायचं आणि बाहेर मुलांनी पाढे म्हणायचे! दुपारी पोटावर ओल्या मातीची पट्टी. जेवायला ज्वारीची भाकरी, दोडक्याची नाहीतर पालकाची बिनतिखटाची भाजी, ताक. पाचव्या दिवशी मी तुम्हाला शिव्या दिल्या. नवव्या दिवशी मला दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर झोप लागली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. "थोडा फरक आहे," एवढंच म्हणालो. तुमचं कौतुक तुमच्या तोंडावर करायला माझी जीभ जड व्हायची. आज ती सैल झाली आहे आणि ऐकायला तुम्ही नाही.

कौतुक केलं नाही, पण वाद मात्र भरपूर घातले. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी तुमच्या ओट्यावर आपली जुंपायची. अक्का म्हणायच्या, यांचं भांडण झालं नाही तर दोघांनाही अन्न पचत नाही. तुम्ही म्हणायचात, घास चावून चावून पाणी करावा. "बत्तीस दात शेतस, मंग बत्तीस डाव चावा." मी म्हणायचो, आबा, बत्तीस वेळा चावायला लागलो तर शाळा सुटेपर्यंत माझी न्याहारीच चालेल. तुम्ही म्हणायचात, आजार हा पाहुणा आहे, त्याला जेवू घालू नका, आपोआप निघून जाईल. मी म्हणायचो, आमच्याकडचे पाहुणे उपाशी ठेवले तरी जात नाहीत. तुम्ही हसायचात, पण माघार घ्यायचा नाहीत. चोपड्याच्या डॉक्टरची बाटली, गोळी, सुई, या तिन्हींवर तुमचा दात. मागे पटकीची सुई टोचायला सरकारी माणसं आली तेव्हा गावात तुम्ही कुणाला नको म्हटलं नाहीत, पण स्वतः हात पुढे केला नाहीत. मी किती बोललो तुम्हाला त्या दिवशी! तुम्ही म्हणालात, रक्तात बाहेरचं काही घालायचं नाही. तो वाद आपला मिटला नव्हता. चालू होता.

आणि तुमची माती. तिच्यावरून तर मी तुमची फार चेष्टा केली. लोकांना वाटतं की तुम्ही दिसेल ती माती उचलून थापत होता. वर्षातून दोनदा तुम्ही बैलगाडी जुंपून सातपुड्याच्या पायथ्याला जात होता. जिथे कधी नांगर लागला नाही, खत पडलं नाही, गुरं बसली नाहीत अशा जागी कोपरभर खड्डा खणायचा, वरची माती टाकून द्यायची आणि खालची पिवळी घ्यायची. ती चार दिवस कडक उन्हात वाळवायची, फडक्यातून गाळायची, रॉकेलचे डबे कापून, घासून, तापवून त्यांत भरायची. महायुद्ध सुरू झाल्यापासून रिकामा डबा मिळणंसुद्धा मुश्कील, तरी तुम्ही कुठून तरी आणत होता. एकदा मीही गाडीत होतो. उन्हात माझा जीव कासावीस झाला आणि मी म्हटलं, "आबा, माती ती माती. केळीच्या बागेत काय कमी आहे?" तुम्ही कुदळ थांबवून माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा खणायला लागलात. मला वाटलं, मी वादात जिंकलो.

आता त्या दिवसाचं.

सुट्टीचा दिवस होता. तुम्ही केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं काढत होता आणि मी बांधावरच्या आंब्याखाली बसून तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. कुदळ निसटली आणि तुमच्या डाव्या पायाच्या अंगठ्यामागे बसली. तुम्ही ओरडला नाहीत. खाली बसलात, हातानं पाय गच्च दाबून धरलात आणि शांतपणे म्हणालात, "मास्तर, घर जा. डबामातली माटी लई या." बोटांमधून रक्त येत होतं. मी पळालो.

घर पाऊण कोसावर. चैत्राचं ऊन. मी कधी पळालो नव्हतो, आबा, शाळेत असतानासुद्धा नाही. गावाच्या अर्ध्या वाटेवर माझी छाती फुटायला आली आणि मी एका बागेच्या कुंपणाला धरून उभा राहिलो. त्या बागेत पाटाला पाणी सोडलेलं होतं. ओली, काळी, लोण्यासारखी माती पायाशी होती. मी उपरणं काढलं, दोन ओंजळी भरल्या आणि मागे फिरलो.

गेले चौदा दिवस मी स्वतःला सांगतो आहे की तुमचं रक्त वाहत होतं, वेळ वाचवायला मी तसं केलं. यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं माझं सुटलेलं पोट, डोक्यावरचं ऊन आणि आबांचं हे मातीचं सोवळं म्हणजे नुसतं अवडंबर, हा माझा शहाणपणा. त्या बागेत महिन्याभरापूर्वीच गाड्याच्या गाड्या शेणखत पडलं होतं. मला ते माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही, असंही म्हणता येणार नाही.

तुम्ही उपरण्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, "घरनी शे ना?"

मी म्हणालो, "हो. अक्कांनी भिजवून दिली."

हेच ते, आबा. खोटं एवढंच होतं, चार शब्दांचं. तुम्ही मान हलवलीत. मी माती लावली, वर फडकं बांधलं. रक्त थांबलं. मला तर अभिमान वाटला होता. तुमच्या खांद्याला आधार देऊन मी तुम्हाला घरी आणलं आणि वाटेत म्हणालो, "पाहा, शिष्य तयार झाला."

पुढचे आठ दिवस काही नाही. मी रोज शाळा सुटली की यायचो आणि विचारायचो, पाय कसा आहे. तुम्ही म्हणायचात, "बेस शे." जखम वरून धरत आली होती. तुम्ही कडुनिंबाच्या पाण्यानं पाय धुवायचात आणि फक्त ताक-भाकरीवर होतात. मी ती माती विसरून गेलो. खरंच विसरलो.

नवव्या दिवशी मी आलो तेव्हा तुम्ही ताटावर बसला होता. भाकरीचा तुकडा हातात, आणि हात तोंडापाशी थांबलेला. तुम्ही दातांवर दात ठेवूनच बोललात, "मास्तर, आज तोंड उघडाले तयार नही." आणि आबा, मी हसलो. मला थट्टाच सुचली. मी म्हटलं, बत्तीस बत्तीस वेळा चावून जबड्यानं शेवटी संप केला पाहा! अक्कासुद्धा हसल्या. तुम्ही हसायला गेलात आणि तुमचा चेहरा तसाच राहिला. ओठ ताणलेले, गाल आत गेलेले, आणि डोळ्यांत हसू नाही. भुवया वर चढलेल्या. ते हसू पुसलंच जाईना. आजही डोळे मिटले की तोच चेहरा समोर येतो, दुसरा कुठलाही येत नाही. सहा वर्षांत इतक्या वेळा तुम्ही मोकळे, मान मागे टाकून हसलात, त्यातलं एकही मला आठवत नाही.

डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यांनी खोलीत काळोख करायला सांगितला, आवाज करू नका म्हणाले. भांडं पडलं तरी तुमचं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं. ज्या अंगाला तुम्ही पंचवीस वर्षं सूर्यनमस्कार घालून, तेल जिरवून, उपास करून घडवलं, ते अंग कुणी तरी दुसरंच वापरत होतं. धनुर्वात. डॉक्टरांच्या पेटीत जी सुई होती ती त्यांनी दिली. धनुर्वातावरची विषनाशक लस जळगावात मिळते का पाहायला माणूस धाडला. तो परत येईपर्यंत तुम्ही गेला होता.

मी डॉक्टरांना अंगणात गाठलं. विचारलं, मातीनं झालं का? ते चिडलेले होते. म्हणाले, "मास्तर, उघड्या जखमेवर माती लावतात का? कुठलीही असो. पण हे विष कुदळीच्या धारेवरही असतं, बागेत तर असतंच असतं. आता कशानं झालं ते कोण सांगणार! त्याच दिवशी माझ्याकडे आला असतात तर काही तरी करता आलं असतं."

म्हणजे मी तुम्हाला मारलं की नाही, हे मला कधी कळणार नाही. आणि तुमच्या चाळलेल्या मातीनंही तेच झालं असतं का, हेही नाही. मला एवढंच माहीत आहे की तुमच्या पायावर तुमची माती नव्हती. तुम्ही ज्या एका गोष्टीत आयुष्यभर कसूर केली नाहीत, त्या गोष्टीत तुम्ही हलगर्जी होता असं गाव म्हणतं आहे. तुमच्या हातून बरी झालेली माणसं आता तसं कबूल करायला लाजतात. आणि मी तोंड उघडलं, तर उद्या वर्गात उभं राहून मुलांना खरं बोला म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? या गावात मला नोकरी करायची आहे. बारा दिवस मी हाच हिशेब करत बसलो.

तेराव्या दिवशी डबे उकिरड्यावर गेले तेव्हा मी उठलो आणि अक्कांच्या समोर जाऊन बसलो. सगळं सांगितलं. पाट, उपरणं, "अक्कांनी भिजवून दिली." सांगताना त्यांच्याकडे बघण्याची हिंमत झाली नाही. मी त्यांच्या पायाच्या बोटांवर उरलेल्या जोडव्यांच्या वळांकडे बघत होतो.

त्या म्हणाल्या, "मले ठाऊक शे."

मी वर पाहिलं.

"सांजले पट्टी मीच सोडी. काळी माटी व्हती, शेणना वास येत व्हता. आम्हनी माटी पिवळी शे. त्यासनी बी देखं." मग म्हणाल्या, "ते म्हणनात, मास्तर पयत गयात, पयत उनात. त्यासले काही बोलू नको. मी म्हणनू, डॉक्टरकडे जाऊत. ते म्हणनात, डॉक्टर विचारी, माटी कोनी आनी. मंग काय सांगू?"

मास्तर पळत गेले, पळत आले, म्हणून त्यांना काही बोलू नको! आबा, मला आधी काही कळलंच नाही. कुणी कानफटात मारल्यावर कान वाजतात, तसं झालं. तुम्हाला त्याच संध्याकाळी माहीत होतं. त्यानंतर आठ दिवस रोज संध्याकाळी तुम्ही माझ्यासमोर बसून "बेस शे" म्हणत होता. मी रडायला लागलो. अक्कांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या म्हणाल्या, "त्यासनी तुमले माफ करं. मी नही करं. भाहेर लोके बठेल शेतस. आते जा, त्यासले सांगा."

मी बाहेर गेलो आणि सांगितलं. ओट्यावर पंचवीस-तीस माणसं होती. मी म्हटलं, आबांनी घरची माती मागितली होती, मी पाटाची आणली आणि घरची म्हणून लावली. तुमचे भाऊ माझ्या अंगावर धावून येतील असं वाटलं होतं. ते खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपली मान धरली. एक म्हातारा उठून उकिरड्याकडे गेला आणि एक डबा उचलून घेऊन आला. मी चपला घातल्या आणि घरी आलो. आज शाळेत निम्मीच मुलं होती. बदली होईल बहुतेक, मीच अर्ज लिहिला आहे.

गावाला सांगून झालं, अक्कांना सांगून झालं. तुमच्याशी मात्र अजून भांडण आहे, आणि ते मी सोडणार नाही. डॉक्टरकडे गेला नाहीत तो तुमचा सुईचा जुना हट्ट होता, की माझी लाज झाकायला? हट्टापायी जिवानिशी गेला असाल तर मी तुमच्यावर रागवेन आणि कधी तरी तो राग विझेल. पण माझ्यासाठी गेला असाल तर मी काय करू? तुम्हाला माणसाच्या पोटावर हात ठेवला की आतलं कळायचं. माझ्या तोंडावर खोटं दिसलं तेव्हा ते बाहेर काढायचं होतंत, आबा. एवढं मऊ वागायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कडू काढा घशात ओतताना तुम्ही कधी माझी दया केली नाहीत.

आठ दिवस मी रोज तुमच्या समोर बसलो होतो. एकदा, फक्त एकदा, तुम्ही मला आईवरून शिवी हासडून म्हणायचं होतंत की मास्तर, तू खोटं बोललास. मी त्याच पावली पळत चोपड्याला गेलो असतो आणि डॉक्टरला घेऊन आलो असतो.